मोटर दोन एचपीची, धार करंगळीएवढी: तासगाव तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

जानेवारीत सकाळी सातला फोन आला. "मिस्त्री, गॅस गिझर पेटंना बघा. सेल बदललं, सिलिंडर बदलला, तरी पेटंना." मी विचारलं, थंड पाण्याचा कॉक सोडल्यावर धार कशी येते? तिकडून उत्तर आलं, "धार कुठली ओ, नुसतं गळतंय."

गिझर बिघडला नसणार, हे तिथंच कळलं. गॅस गिझरमध्ये पाण्याच्या रेट्यानं एक रबरी पडदा सरकतो आणि तो सरकला तरच गॅसची वाट उघडते. पाणी पुरेसं वाहत नसेल तर तो पेटत नाही, आणि पेटायलाच नको. नाहीतर आतली तांब्याची कॉइल कोरडी तापून फुटेल. म्हणजे तक्रार गिझरची असली तरी दुखणं पाण्याचं होतं.

घर सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं, गावाबाहेर मळ्यात. बारा वर्षांपूर्वीचं दुमजली बांधकाम. गच्चीवर अडीच फूट उंच विटांच्या ओट्यावर हजार लिटरची टाकी. घरापासून १८० फुटांवर द्राक्षबागेच्या कडेला विहीर, ४५ फूट खोल, २० फूट व्यासाची. विहिरीत बागेच्या ड्रिपसाठी पाच एचपीची पाणबुडी मोटर आणि घरासाठी वेगळी. घरच्या मोटरचा पाईप आधी अंगणातल्या नळाला येतो, तिथून वर टाकीत जातो. टाकीतून एक इंची पाईप कठड्यावरून खाली उतरतो आणि त्याला बाथरूम, किचन वगैरे फाटे फुटतात.

मी पोहोचायच्या आधीच बरंच काही करून झालं होतं. दिवाळीनंतर वरच्या बाथरूमचं पाणी एकाएकी कमी झालं. घरच्या आण्णांनी एका दुकानात विचारलं, तिथं सांगितलं की मोटर कमी पडते. एक एचपीची चांगली चालणारी मोटर काढून दोन एचपीची बसवली. वीस हजारांच्या आसपास गेले. टाकी पूर्वी वीस मिनिटांत भरायची, ती अकरा मिनिटांत भरू लागली. शॉवर होता तसाच राहिला. मग दुसऱ्या कुणी सांगितलं, टाकीखाली प्रेशर पंप लावा. तो घ्यायचा बेत ठरलाच होता, तेवढ्यात गिझर बंद पडला म्हणून मला फोन आला.

पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. किर्लोस्करांच्या पंप कारखान्याची ती वसाहत १९१० पासून उभी आहे आणि पंप हा आमच्याकडे घरातल्या माणसासारखा झालाय. शेतात पाणी कमी पडलं की मोठा पंप, ही सवय शेतासाठी बरोबरही असते. तीच घराला लावली जाते आणि तिथं हिशेब चुकतो. विहिरीतली मोटर पाणी टाकीत आणून टाकते. टाकी वरून हवेला उघडी आहे, तिथं मोटरचा जोर संपला. तिथून पुढं नळाला जो दाब मिळतो तो फक्त उंचीचा. टाकीतली पाण्याची पातळी आणि नळाचं तोंड यांत किती फूट फरक आहे, तेवढाच. ३३ फुटांना एक किलो दाब (दर चौरस सेंटीमीटरला) असा साधा हिशेब धरा. मोटर दोन एचपीची लावा नाहीतर दहाची, शॉवरला त्यातलं काही पोहोचत नाही.

आण्णांना हे पटेना. त्यांनी मोटर चालू करून अंगणातला नळ सोडून दाखवला. पाणी धो धो आलं, फरशीवरून उडून पायापर्यंत. "हे बघा की, इथं जोर हाय, वर न्हाई. म्हणजे मोटरचाच जोर पुरत न्हाई ना?" त्यांचं चुकलेलं नव्हतं, डोळ्यांना दिसतं ते तसंच दिसतं. पण तो नळ टाकीच्या आधी, मोटरच्या थेट पाईपवर आहे. मी मोटर बंद करायला सांगितलं आणि शॉवर तसाच चालू ठेवला. शॉवरच्या धारेत काडीचा फरक पडला नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा खुर्ची मागवली.

आजींचं म्हणणं होतं, विहिरीचं पाणी खाली गेलंय म्हणून असं होतंय. त्या दिवशी पाणी जमिनीपासून २२ फुटांवर होतं, म्हणजे खाली २३ फूट पाणी उभं. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळजवळ नऊ हजार लिटर. घराला रोज हजार-दोन हजार लागतं. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन सुटलं की आजूबाजूच्या विहिरींना पाझर येतो आणि मे महिन्यात ओसरतो, हे खरं. पण विहिरीची पातळी दहा फूट उतरली तर मोटरला दहा फूट जास्त चढवावं लागतं, टाकी थोडी उशिरा भरते, एवढंच. नळाचा दाब तोच राहतो. विहीर या प्रकरणात निर्दोष होती, निदान दाबाच्या बाबतीत. गाळाचं पुढं सांगतो.

व्होल्टेज २०५, मोटरचे अँपिअर ठीक. ते दोन मिनिटांत उरकलं.

मग बादली. पंधरा लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ, एवढ्यावर निम्मं निदान होतं, आणि ते न करता लोक हजारो रुपये घालवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. शॉवरचा चाळणीसारखा तोंडाचा भाग काढून नुसत्या पाईपाखाली बादली धरली. भरायला ४ मिनिटं १० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास. खाली किचनच्या नळाला १ मिनिट ३५ सेकंद. किचनला टाकीपासून वीस फुटांहून जास्त उंची मिळते, शॉवरला टाकी भरलेली असताना साडेनऊ फूट. म्हणून वरचं बाथरूम आधी ओरडणार हे साहजिकच. पण साडेनऊ फुटांना मिनिटाला साडेतीन लिटर फार कमी. उंची पुरेशी आहे आणि वाटेत कुणीतरी अडवतंय, असा संशय आला.

संशयावर भिंत फोडायची नसते. गवंडी पातळी बघायला जी पारदर्शक नळी वापरतात, ती माझ्या पिशवीत कायम असते. बाथरूममधल्या बेसिनखालच्या अँगल कॉकचा (भिंतीतून निघणारा छोटा कॉक) जोड काढून तिथं नळी बसवली आणि खिडकीतून बाहेर काढून वर गच्चीवर नेली. आण्णांचा मुलगा वर टाकीशेजारी नळीचं टोक धरून उभा. नळीतले हवेचे बुडबुडे झटकून काढले. सगळे नळ बंद असताना नळीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी एका रेषेत आलं. म्हणजे दाब पुरता पोहोचत होता. हाच प्रयोग प्रेशर गेजनं केला असता तर काटा नीट उभा दिसला असता आणि कुणीही म्हणालं असतं, दाब बरोबर आहे. पाणी उभं असताना दाब बरोबरच असतो, मध्ये सुईएवढं भोक उरलं असेल तरी.

मग मी शॉवरचा कॉक सोडला. वरून मुलगा ओरडला, "मिस्त्रीकाका, गेलं! खाली गेलं!" नळीतलं पाणी त्याच्या हातातून सरकत थेट बाथरूमच्या खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत आलं. टेपनं मोजलं तर आठ फूट. साफ पाईपातून मिनिटाला साडेतीन लिटर जाताना पातळी दोन-तीन बोटं उतरावी, इथं साडेनऊपैकी आठ फूट वाटेतच खाल्ले गेले होते.

आता वाटेत म्हणजे नेमकं कुठं? टाकीच्या आउटलेटला पितळी गेट व्हॉल्व्ह, त्याच्यापुढं गच्चीतल्या कुंड्यांसाठी एक छोटा नळ, मग पाईप कठड्यावर चढून पलीकडं खाली उतरतो. खाली शॉवर चालूच ठेवायला सांगून मी गच्चीवर गेलो आणि कुंड्यांचा नळ उघडला. पाणी आलंच नाही. उलट नळ हवा आत ओढू लागला, सुस्स असा बारीक आवाज. बोट लावलं तर बोटाचं टोक आत खेचलं जात होतं. क्षणभरात खालून आवाज आला, "पाणी बंद झालं!"

टाकीत पाणी काठोकाठ, तिच्यापासून दोन फुटांवरचा नळ, आणि तो पाण्याऐवजी हवा ओढतोय. खाली उतरणारा पाईप जेवढं पाणी ओढत होता तेवढं टाकीकडून येतच नव्हतं. टाकी आणि त्या नळामध्ये एकच वस्तू होती, तो व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्हचं चाक छान फिरत होतं, अगदी हलकं. तिथंच शंका यायला हवी; बारा वर्षं जड पाण्यात राहिलेला गेट व्हॉल्व्ह असा लोण्यासारखा फिरत नसतो. टाकी रिकामी करून तो उघडला. आतला पितळी पडदा पाऊणभर खाली उतरून क्षारात घट्ट बसलेला, आणि त्याला वर-खाली करणाऱ्या दांड्याचं टोक तुटलेलं. चाक फिरायचं, दांडा फिरायचा, पडदा जागचा हलायचा नाही. वरून सगळं उघडं दिसत होतं. पडद्याच्या खाली जी फट उरली होती तीत माझ्या करंगळीचं पेरही गेलं नाही. तो तुटका दांडा हातात घेऊन आण्णांनी बराच वेळ उलटसुलट केला. मग काकूंना आठवलं: दिवाळीआधी टाकी धुतली तेव्हा हा वॉल (व्हॉल्व्ह) फिरेना म्हणून पाना लावून जोर दिला होता. पाणी कमी झालं ते दिवाळीनंतर. ही दोन टोकं कुणी जोडलीच नव्हती, कारण मध्ये मोटरचं प्रकरण आलं.

एकाएकी कमी झालेलं पाणी आणि हळूहळू कमी झालेलं पाणी, यांची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. एकाएकी झालं असेल तर त्या आठवड्यात घरात पाण्याच्या वाटेवर कुणी हात लावला होता का, हे मी आता सगळ्यात आधी विचारतो.

नवा फुल बोअरचा, म्हणजे उघडल्यावर पाईपाएवढी पूर्ण वाट देणारा, बॉल व्हॉल्व्ह बसवला, साडेसातशे रुपयांचा. महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे क्षार धरत नाही, असं सांगितलं. शॉवरची बादली १ मिनिट ५० सेकंदांवर आली. गिझर भक्कन पेटला. गिझर मात्र बाथरूमच्या आत, बंद खिडकीशेजारी लावलेला होता. पाण्याच्या दाबाशी याचा संबंध नाही, तरी सांगतो: गॅस गिझर जळताना खोलीतली हवा वापरतो आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. तो बाहेरच्या भिंतीवर घेतल्याशिवाय चालू करायचा नाही, असं मी आण्णांकडून कबूल करून घेतलं आणि दोन दिवसांत त्यांनी ते केलंही.

काम झालं असं मी समजलो. चौथ्या दिवशी पुन्हा फोन. "मिस्त्री, परत तेच. आता तर थुंकल्यागत येतंय. फुर्र फुर्र, मग थोडं, मग बंद."

ही माझी चूक होती. पहिल्या दिवशी काकू बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "टाकी अर्ध्याच्या खाली गेली की तर काहीच येत न्हाई." मी ते ऐकलं आणि व्हॉल्व्हच्या खात्यात टाकून दिलं. त्या रात्री वीज गेली होती, टाकी तळाला गेली, सकाळी भरली आणि तेव्हापासून थुंकणं सुरू झालं. पाईपात हवा अडकली होती.

गच्चीचा कठडा तीन फूट. टाकीचा तळ अडीच फुटांवर. पाईप कठड्यावरून गेलेला, म्हणजे सव्वातीन फुटांवर. टाकीत पाणी नऊ इंचांच्या खाली गेलं की पाईपाचा हा उंटाच्या कुबडासारखा भाग टाकीतल्या पाण्यापेक्षा वर राहतो. तिथं हवा गोळा होते आणि पाण्याचं सलग अंग तुटतं. टाकी पुन्हा भरली तरी ती हवा वरच अडकून बसते, कारण तिला ढकलायला फूट-दोन फुटांचाच रेटा आहे आणि खालून नळ थोडासाच उघडला तर पाण्याला तिला सोबत वाहून न्यायचा वेगही येत नाही.

पुष्कळदा अशा कुबडावर अर्धा इंची उभा पाईप लावतात, हवा निघून जायला. इथं नुसतं तेवढ्यानं भागलं नसतं. पाणी कुबडाच्या खाली गेल्यावर त्याच उभ्या पाईपातून हवा आत आली असती आणि टाकीतलं शेवटचं नऊ इंच पाणी कायम अडकून राहिलं असतं. कुबड काढणं हाच उपाय. कठड्याला तळाशी भोक पाडून पाईप सरळ टाकीखालून पलीकडं काढला, सतत उताराचा. आण्णांना गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची काळजी होती, ती रास्त होती. म्हणून भोक गच्चीच्या पृष्ठभागापासून सहा इंच वर घेतलं, स्लीव्ह (पाईपाबाहेरची मोठी नळी) घातली आणि भोवती गिलावा नीट भरला. खाली उतरण्याआधी हवेचा उभा पाईप लावला, टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा उंच, तोंड खाली वळवून जाळी बांधलेला. टाकी मुद्दाम तळापर्यंत रिकामी केली, भरली, नळ सोडला. एकदा खोकला आणि सुरळीत झाला.

लेव्हलची नळी पुन्हा बेसिनला लावली. या वेळी शॉवर सोडल्यावर पातळी सहा फूट उतरली. किचनची धार तोवर जोरात आलेली, म्हणजे खाली उतरणारा मुख्य पाईप मोकळा होता. अडथळा आता फक्त बाथरूमच्या फाट्यात, भिंतीत गाडलेल्या पाऊण इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपात होता.

आमच्या पूर्व भागातल्या बऱ्याच विहिरींचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. या विहिरीचं पाणी मी किटनं तपासलं तेव्हा काठिण्य लिटरला ४८० मिलिग्रॅमच्या आसपास आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. प्यायला चालणारं पाणी पाईपाला चालतंच असं नाही. फाट्याचा एक तुकडा कापून काढला आणि आण्णांच्या हातात दिला. बाहेरून धडधाकट, आत तांबूस-पांढरे थर, झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखे, आणि मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक. पाईपाची आतली रुंदी निम्मी झाली तर तेवढंच पाणी न्यायला अडथळा सुमारे तीस पट होतो. म्हणून शेवटची दोन वर्षं एकदम बिघडल्यासारखी वाटतात, जरी थर बारा वर्षं चढत असतात.

भिंत न फोडता जुना फाटा तिथंच बंद केला आणि बाहेरच्या भिंतीवरून नवी लाईन घेतली, गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाईप. गिझरची कॉइलही भरत आली होती. तापवल्यावर पाण्यातला विरघळलेला चुना बाहेर पडतो, त्यामुळे गरम बाजू नेहमी आधी चोंदते. पाच लिटर कोमट पाण्यात पाव किलो सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते, आणि कूलरचा छोटा पंप लावून पाऊण तास कॉइलमधून फिरवलं. फेस यायचा थांबला तेव्हा साध्या पाण्यानं धुतलं. शॉवरचं तोंड त्याच पाण्यात बुडवलं तर त्यातून क्षारासोबत बारीक काळी रेती निघाली.

ही रेती नवी होती. नवी मोटर उतरवताना विहिरीच्या तळालाच टेकवली होती. दोन एचपीच्या ओढीनं तळातला गाळ उचलला जात होता आणि टाकीच्या बुडाला दोन इंच साठला होता. मेन स्विच पाडला, फ्यूज खिशात घातले आणि मोटर चार फूट वर घेऊन बांधली. याहून वर नको, कारण मे महिन्यात विहिरीत तळापासून सहा-सात फूटच पाणी उरतं आणि मोटर बुडालेली राहायला हवी. कोरडी चालू नये म्हणून पॅनेलमध्ये ड्राय रनचं संरक्षण घातलं.

शेवटची बादली ५८ सेकंदांत भरली.

प्रेशर पंपाचं काय, असं आण्णांनी विचारलं. साडेनऊ फुटांना पाव किलोपेक्षा थोडा जास्त दाब येतो. साध्या शॉवरला आणि त्यांच्या गिझरला तो पुरतो. छताला लावतात तसला मोठा शॉवर हवा असेल तर पुरणार नाही, तेव्हा फक्त वरच्या लाईनीला छोटा पंप घ्या, असं सांगितलं. आधी घेतला असता तर त्या अडकलेल्या व्हॉल्व्हमधून त्याला पाणी मिळालं नसतं, तो कोरडा ओढून जळाला असता, किंवा भिंतीतल्या गंजलेल्या जोडांवर एकदम दाब येऊन ओल फुटली असती. त्यांनी पंप घेतला नाही. जुनी एक एचपीची मोटर दुकानानं परत घेतली नव्हती, ती गोठ्यात पडून होती. तिचं बेअरिंग बघून दिलं, आता राखीव म्हणून ठेवली आहे.

मीटरच्या पेटीच्या दाराला आतून मी खडूनं तारीख आणि तीन आकडे लिहून ठेवले होते: शॉवर ५८, किचन ४०, टाकी ११ मिनिटं. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बागेच्या फिल्टरच्या कामाला गेलो तेव्हा त्याखाली दुसऱ्या अक्षरात नवी ओळ दिसली. मुलानं बादली लावून स्वतः लिहिलेली: शॉवर ६१, वॉल फिरवला.